साप्ताहिक मीटिंग चालू ठेवावी की महिन्यातून दोनदाच घ्यावी?

नियोजित_अध्यक्ष यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी,

1 जुलैपासून आमच्या रोटरी क्लबचं अध्यक्षपद माझ्याकडे येतंय. बोर्डाची नावं ठरली, प्रोजेक्टची यादी होत आलीय, पण एका प्रश्नावर गाडं अडलंय. आमची मीटिंग दर आठवड्याला, संध्याकाळी एक तास. पटावर सभासद बरेच, हजर मात्र जेमतेम एक तृतीयांश, आणि तेही नेहमीचेच चेहरे. बोर्डातले निम्मे म्हणतात की नियम बदललेत, महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं, मग दर आठवड्याला रिकाम्या खुर्च्या कशाला मांडायच्या? ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आठवड्याची मीटिंग गेली की क्लब गेला. दोन्हीकडची माणसं कळकळीने बोलतात, म्हणून नुसते हात वर करायला सांगून निकाल लावावासा वाटत नाही.

ज्यांच्या क्लबात साप्ताहिक मीटिंग आजही चांगली भरते, त्यांनी सांगावं की त्या एका तासात नेमकं काय होतं आणि लोक कशासाठी येतात. ज्यांनी मीटिंगा कमी केल्या त्यांचाही अनुभव हवाय. आमच्याकडे नामवंत वक्ता आणला की खोली भरते, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दर आठवड्याला असा वक्ता आणायचा कुठून?

---

बायलॉज_वाचक:

आधी नियमाचं बोलू. 2016 च्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनमध्ये, म्हणजे रोटरीचे नियम ठरवणाऱ्या सभेत, क्लबांना मोकळीक मिळाली. महिन्यातून किमान दोन मीटिंगा घ्याव्यात, त्या प्रत्यक्ष घ्या किंवा ऑनलाइन. पण त्यासाठी क्लबाच्या बायलॉजमध्ये, म्हणजे नियमावलीत, तसा बदल करून घ्यावा लागतो. नुसतं बोर्डात बोलून ठरवता येत नाही. सभासदांना आगाऊ सूचना द्या, कोरम, म्हणजे निर्णयाला लागणारी किमान हजेरी, मोजा आणि मग ठराव घ्या.

कोरमचं मुद्दाम लिहितोय. तो एक तृतीयांश सभासदांचा असतो. तुमची हजेरी तेवढीच असेल तर दोन माणसं आजारी पडली की त्या दिवशी क्लबाला कुठलाच निर्णय घेता येणार नाही. वार्षिक निवडणुकीची सभा 31 डिसेंबरच्या आत व्हायला हवी, तेव्हा ही अडचण येईल. त्यामुळे मीटिंगा किती हे ठरवण्याआधी हजेरीकडे बघा.

---

दारावरचा_सार्जंट:

प्रश्न वाचून राहवलं नाही. मी क्लबात आधी सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स, म्हणजे मीटिंगची शिस्त बघणारा, होतो, मग सचिव झालो, मग अध्यक्ष. मीटिंग तिन्ही जागांवरून पाहिलीय आणि सगळ्यांत जास्त समजली ती दारापाशी उभा असताना. माझं मत सरळ आहे: आठवड्याची मीटिंग मोडू नका. मात्र आज चालते तशी चालूही ठेवू नका.

वक्त्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पहिली बैठक झाली तेव्हा वक्ता नव्हताच. युनिटी बिल्डिंगमधल्या 711 नंबरच्या खोलीत चौघं जमले होते: वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर आणि शिंपीकाम करणारे हायरम शोरी. खोली लोअर यांच्या ऑफिसची. पुढच्या बैठका एकमेकांच्या कामाच्या जागी पाळीपाळीने होत गेल्या. समोरचा माणूस कुठे बसतो, त्याचा धंदा कसा चालतो, हे प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सार्वजनिक उपयोगाचं पहिलं काम त्यांनी 1907 मध्ये हाती घेतलं, शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचं. म्हणजे दोन वर्षं नुसती ओळख पक्की होत होती. आपण आज उलटं करतो. नवा सभासद आला की पहिल्याच महिन्यात त्याच्या हातात पावतीपुस्तक देतो, आणि तो दुसऱ्या महिन्यापासून का येत नाही याचं आपल्याला नवल वाटतं.

आता दारापाशी काय दिसतं ते सांगतो. मीटिंग घंटा वाजली की सुरू होते असं आपण धरतो. खरी मीटिंग त्याआधी पंधरा-वीस मिनिटं सुरू झालेली असते. जुने सभासद येतात, हातात हात देतात, आपापल्या कोंडाळ्यात उभे राहतात. नवा माणूस येतो, बिल्ला लावतो, फोन काढतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. घंटा होईपर्यंत तो तसाच उभा राहिला तर पुढे वक्ता कितीही रंगू दे, घरी जाताना त्याच्याबरोबर ती भिंतच जाते. सार्जंटचं काम शिस्त राखणं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. माझ्या लेखी त्याचं पहिलं काम भिंतीला टेकलेला माणूस शोधणं आणि त्याला कोणाशी तरी जोडून देणं हे आहे. "हे आपले नवे सभासद" एवढं म्हणून सोडून देऊ नये. "तुमच्या मुलीला आर्किटेक्चरला जायचंय ना, हे आर्किटेक्ट आहेत, बोला" असं म्हणावं. त्यासाठी सार्जंटला सगळ्यांची घरची-दारची माहिती हवी, म्हणून हे पद अगदी नवख्याला देऊ नका.

दुसरं, बिल्ल्यांचा फळा. आमच्याकडे नावांचे बिल्ले एका फळ्यावर टांगलेले असतात. येताना आपला काढून लावायचा, जाताना परत टांगायचा. घंटा झाली की फळ्यावर जे उरले ते आले नाहीत, हे रजिस्टर न उघडताच कळतं. मी त्या उरलेल्या नावांची चिठ्ठी करायचो आणि ज्याने त्या सभासदाला क्लबात आणलं त्याच्या हातात द्यायचो. दुसऱ्या दिवशी त्याने फोन करायचा. सचिवाने केला तर तो हजेरीचा फोन वाटतो, माणूस बचावाला लागतो. ओळखीच्याने केला की गप्पा होतात. त्यातही "का आला नाहीस" विचारायचंच नाही. काल काय ठरलं ते सांगायचं, एखादी गोष्ट त्याच्यावाचून अडली असेल तर तीही सांगायची.

अशाच एका फोनवर कळलं की आमच्या एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर सभासदाच्या आईचं डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यातून तीनदा, आणि त्यातला एक दिवस नेमका मीटिंगचा. सहा आठवडे फळ्यावर बिल्ला तसाच होता आणि कमिटीत त्याचं नाव कमी करण्याची भाषा सुरू झाली होती. फोन झाल्यावर दोघा सभासदांनी त्या वारची ने-आण वाटून घेतली. हा मनुष्य पुढे वीस मिनिटं उशिरा का होईना, मीटिंगला येऊ लागला. महिन्यातून दोनदाच भेटत असतो तर त्याची गैरहजेरी लक्षात यायलाच किती दिवस गेले असते, विचार करा.

आता तासाचं. घंटा, मग सचिवाची निवेदनं पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. बुलेटिनमध्ये आलेलं वाचून दाखवायचं नाही. त्यानंतरची पंधरा मिनिटं माझ्या मते मीटिंगचा जीव. ज्याच्याकडे जे प्रोजेक्ट आहे त्याने उभं राहून तीन मिनिटांत सांगायचं: आठवड्यात काय झालं, कुठे अडलं, कोणाकडून काय हवंय. आमच्या क्लबाचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. वॉकर, कमोड चेअर, हॉस्पिटल कॉट, एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हे सगळं आम्ही गरजूंना वापरायला देतो. तिथला हिशेब आठवड्याचाच असतो. कोणती कॉट परत आली, कोणाची मुदत संपली, कॉन्सन्ट्रेटरची फिल्टर जाळी कोणी धुतली, कोणत्या वॉकरच्या पायाचं रबर झिजलंय. ते रबर झिजलं की वॉकर गुळगुळीत फरशीवर सरकतो आणि आधाराला दिलेली वस्तूच म्हाताऱ्या माणसाला पाडते. एकदा अहवालात हे आलं, हार्डवेअरचा व्यवसाय असलेला सभासद समोरच बसलेला होता, त्याने मापं लिहून घेतली आणि पुढच्या मीटिंगला पिशवीभर रबरं घेऊन आला. रुग्णाच्या घरच्यांना पंधरा दिवस थांबा म्हणता येत नाही. तेव्हा किती वेळा भेटायचं हे बोर्डरूममध्ये बसून ठरवू नका, तुमच्या हातात चालू काम कोणतं आहे त्यावरून ठरवा. वर्षातून दोन शिबिरं एवढंच काम असेल तर दर आठवड्याला भेटण्याचं कारण सभासदांना पटणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

वक्त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं उरतात. त्यात महिन्यातून एकदा तरी आपल्याच सभासदाला बोलायला लावा, स्वतःच्या व्यवसायावर. जुन्या लोकांना क्लासिफिकेशन टॉक माहीत आहे, ते आता मागे पडलंय. आमच्याकडे लिफ्टची देखभाल करणारा एक सभासद एरवी अजिबात बोलायचा नाही. त्याला उभा केला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर काय करायचं, यावर तो बोलला: अलार्म दाबा, शांत बसा, दार ओढून बाहेर उडी मारू नका, कारण अडकलेल्या लिफ्टमध्ये थांबून राहण्यापेक्षा अर्ध्या उघड्या दारातून निघताना शाफ्टमध्ये पडण्याचा धोका फार मोठा असतो. हवा बंद होईल ही भीती लोकांना असते, पण लिफ्टची केबिन हवाबंद नसते, हेही त्याने सांगितलं. प्रश्न थांबेनात. पुढचे कितीतरी आठवडे लोक त्याला घंटेआधी गाठून काही ना काही विचारत होते. नामवंत वक्ता भाषण करून निघून जातो. हा माणूस पुढच्या आठवड्यातही तिथेच असतो.

आणि तास म्हणजे तास. वेळेवर संपवा. घरी नऊला येतो सांगून निघालेल्या माणसाला साडेनऊला सोडलं तर पुढच्या वेळी घरातूनच अडवणूक होते.

---

बाह्यरुग्ण_विभाग:

सार्जंट दादांचं सगळं वाचलं. बिल्ल्यांचा फळा आमच्याकडेही सुरू करायला सांगणार आहे. पण आम्ही तीन वर्षांपूर्वी महिन्यातून दोन मीटिंगांवर आलो आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही, म्हणून दुसरी बाजू मांडते.

मी डॉक्टर आहे. संध्याकाळी ओपीडी असते, घरी दहावीतला मुलगा आणि सासूबाई. संध्याकाळची ही वेळ ज्या काळी ठरली तेव्हा क्लबात बायका नव्हत्याच. बायकांच्या सभासदत्वाबद्दल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल 1987 चा, आणि 1989 च्या कौन्सिलने घटनेतली फक्त पुरुषांची अट काढली. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षं मीटिंगचा साचा अशा माणसांसाठी होता ज्यांचं घर त्या वेळी दुसरं कोणीतरी सांभाळत होतं. सभासदत्व बदललं, वेळ तीच राहिली. आमच्या क्लबात नव्याने आलेल्या बायका आणि नोकरी करणारी तरुण मुलं गळत होती ती कंटाळून नव्हे. आठवड्यातली प्रत्येक तीच संध्याकाळ त्यांच्या हातात नव्हती.

आम्ही पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात मीटिंग घेतो. दुसऱ्या आठवड्यात रविवारी सकाळी प्रोजेक्टच्या जागेवर जातो. बोर्डाने मान्य केलेल्या क्लबच्या सेवा प्रकल्पाला गेलं तर हजेरी भरून निघते, हे बऱ्याच सभासदांना माहीतच नसतं. दुसऱ्या क्लबाची मीटिंग गाठली तरच मेकअप, म्हणजे चुकलेली हजेरी भरून, मिळतो अशी समजूत आहे. आमच्या काही मैत्रिणी संध्याकाळच्या मीटिंगला क्वचित दिसतात, पण शाळेतल्या दंततपासणीला किंवा हिमोग्लोबिन तपासणीला त्या मुलांना रांगेत लावण्यापासून कार्ड भरण्यापर्यंत सगळं करतात. जुन्या हिशेबात त्या गैरहजर होत्या!

एक मात्र सांगून ठेवते. पहिल्या वर्षी आम्ही मधले आठवडे मोकळे सोडले होते. तेव्हा क्लब खरोखरच थंड पडला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांशिवाय काही येईना. रविवारचं काम पक्कं लावलं तेव्हा पुन्हा जीव आला. त्यामुळे कमी करायचं असेल तर मधल्या आठवड्यात काय, हे आधी ठरवा आणि मग ठराव आणा.

---

नियोजित_अध्यक्ष:

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही बाजू आज पहिल्यांदा नीट कळल्या. डॉक्टर ताई, दहावीचा मुलगा माझ्याही घरी आहे, त्यामुळे तुमचा मुद्दा लगेच पोचला.

आणखी एक अडचण. मीटिंगमध्ये सार्जंट दंड गोळा करतो, वाढदिवस, नवी गाडी, मुलाचा निकाल अशा निमित्ताने आनंदाची वर्गणीही घेतली जाते. काही सभासद यावर उघड नाराज आहेत. दर आठवड्याला खिशात हात घालावा लागतो म्हणून येत नाही, असं एकाने मला तोंडावर सांगितलं. शिवाय हा पैसा जातो कुठे, हेही नीट कोणी सांगत नाही.

---

टेल_ट्विस्टर:

मी लायन्स क्लबवाला, पण हा विषय आमच्या पदाचा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे मीटिंगा महिन्यातून दोन. टेल ट्विस्टर, म्हणजे मीटिंगमध्ये दंड करणारा, हा रीतसर पदाधिकारी असतो आणि त्याच्या दंडाला बायलॉजमध्ये मर्यादा घातलेल्या आहेत. बोर्डाने ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त दंड नाही. एका सभासदाला एका मीटिंगमध्ये दोनपेक्षा जास्त वेळा दंड नाही. टेल ट्विस्टरला स्वतःला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. जमलेले पैसे लगेच खजिनदाराच्या हातात आणि त्याची पावती. तुम्ही एवढ्या चार गोष्टी तुमच्या क्लबात मंजूर करून घ्या, निम्मी नाराजी जाईल.

उरलेली निम्मी खात्यांमुळे असते. आम्ही दोन खाती वेगळी ठेवतो. सभासदांची फी, मीटिंगचा खर्च, जेवण, हे प्रशासकीय खात्यातून. लोकांकडून सेवेसाठी जमवलेला पैसा दुसऱ्या खात्यात, आणि त्यातला एक रुपयाही मीटिंगच्या खर्चाला लावायचा नाही. दंडाचा डबा कोणत्या खात्यात जातो हे महिन्यातून एकदा खजिनदाराने उभं राहून सांगावं. आमच्या एका सभासदाने दंड द्यायचं बंदच केलं होतं. त्या पैशातून वाचनालयाच्या खिडक्यांना जाळ्या बसल्या हे कळल्यावर तोच डब्याकडे उठून यायला लागला.

कोणाच्या कमीपणावर दंड करायचा नाही, हे मी स्वतःपुरतं पाळतो. धंद्यात खोट आलेल्या माणसाला "काय, नवी गाडी कधी?" असं चारचौघांत विचारलं तर तो पुन्हा येणार नाही, आणि कारणही सांगणार नाही.

---

दारावरचा_सार्जंट:

टेल ट्विस्टर साहेबांचं शेवटचं वाक्य प्रत्येक सार्जंटला नियुक्तीच्या दिवशी वाचायला द्यायला हवं.

डॉक्टर ताईंचं म्हणणं मला पटलं. मी मीटिंग म्हटलं ते खुर्च्या मांडलेल्या खोलीतल्या तासाबद्दल, त्यांनी रविवारची सकाळही त्यात धरली, आणि ती धरायलाच हवी. आठवड्यातून एकदा माणसं एकमेकांना दिसली पाहिजेत आणि न आलेला माणूस कोणाच्या तरी लक्षात आला पाहिजे, एवढाच माझा आग्रह. त्या जागी घंटा असली काय, नसली काय.

तेव्हा अध्यक्ष साहेब, माझी सूचना अशी. बायलॉजला इतक्यात हात लावू नका. पहिले तीन महिने चार आठवड्यांची अशी वाटणी करून बघा: दोन संध्याकाळी नेहमीची मीटिंग, एक रविवार सकाळ कामाच्या जागी, आणि एक असेंब्ली, ज्यात वक्ता नाही, फक्त क्लबाचं कामकाज आणि प्रोजेक्टचे अहवाल. ही असेंब्ली ऑनलाइनही घेता येईल, म्हणजे ओपीडीतून कोणी सामील होऊ शकेल. रविवारीही बिल्ल्यांचा फळा बरोबर न्या. कोणते सभासद कोणत्या प्रकारच्या आठवड्याला येतात याची नोंद सचिवाने वेगवेगळी ठेवावी. सप्टेंबरअखेर ती नोंद बोर्डापुढे ठेवलीत तर दोन्ही बाजूंकडे बोलायला काहीतरी हातात असेल, आणि दुरुस्ती करायची ठरलीच तर निवडणुकीच्या सभेआधी पुरेसा वेळही मिळेल.

एक गोष्ट मात्र जुलैच्या पहिल्या मीटिंगआधीच करा. तुमचं इन्स्टॉलेशन, म्हणजे पदग्रहण, झालं की लगेच येणारी ती मीटिंग साधारण अभिनंदनाच्या भाषणांत जाते. तसं होऊ देऊ नका. त्या दिवशी पटावरच्या प्रत्येक सभासदाच्या नावापुढे एक काम लिहून आणा, लहान असलं तरी चालेल: वक्त्याला घ्यायला जाणं, फोटो काढणं, साहित्य केंद्राची किल्ली सांभाळणं, नवीन माणसाच्या शेजारी बसणं. यादी करताना ज्येष्ठांना विसरू नका. वय आणि सभासदत्वाची वर्षं मिळून 85 झाली, आणि सभासदत्व किमान वीस वर्षांचं असलं, की हजेरीतून सूट मागता येते, आणि ती मिळालेल्यांना आपण कामातूनही सूट देऊन टाकतो. त्यांच्यापैकी एखाद्याला घंटेआधी दारापाशी माझ्यासारखं उभं करा.

---

नियोजित_अध्यक्ष:

यादी आज रात्रीच करायला घेतो. आमच्या सर्वांत जुन्या सभासदांना फोन केला, ते दारापाशी उभे राहायला तयार आहेत. त्यांनी एकच अट घातली, बिल्ल्यावरची अक्षरं मोठी करा. बिल्ले नवे करून घेतोय. सार्जंट दादा, फळा कोणत्या मापाचा करून घेतलात तेवढं कळवा.

---

दारावरचा_सार्जंट:

तीन फूट बाय दोन फूट, लाकडी, पाठीमागे दोन बिजागऱ्या लावून मधोमध मिटणारा, म्हणजे रविवारी गाडीच्या डिकीत बसतो. बिल्ले टांगायच्या हुकांच्या दोन ओळी जास्तीच्या ठोकून घ्या, वर्षभरात नवे सभासद येतील. बिल्ले आडनावाच्या क्रमाने टांगू नका. ज्याने ज्याला आणलं त्याचा बिल्ला त्याच्या शेजारी टांगा, म्हणजे फोन कोणी करायचा ते विचारावं लागत नाही.